लेओव्हर, कौलं आणि राहून गेलेली गडबड

परवा दुबईहून येताना लेकीने स्वस्तातलं तिकीट काढलं, म्हणजे आधी मंगळूर आणि तिथून साडेआठ तासांच्या लेओव्हरनंतर, म्हणजे थांब्यानंतर, वेगळ्या तिकिटावर मुंबईचं दुसरं विमान. पैसे वाचले म्हणून आधी खूश होती, मग तिलाच कसंतरी वाटायला लागलं, लागोपाठ फोन. आई, एअरपोर्टवरच बस हं, चार्जिंग पॉइंटजवळची खुर्ची पकड, एवढी सुटकेस घेऊन कुठे भटकू नकोस. मी आपलं हो हो म्हटलं.

अहो पण साडेआठ तास! तेवढ्यात डोंबिवलीहून लांज्याला पोचते मी, वाटेत चहा पिऊन. तसंही इमिग्रेशन, कस्टम्स सगळं मंगळूरलाच, बॅग ताब्यात घेऊन बाहेर यायचंच होतं. मग आले ती आलेच.

आता नेटवर बघाल तर लोकांनी सहा तासांत मंगळूरच्या नावाखाली पणंबूर बीच, कद्रीचं देऊळ, कुद्रोळी, मंगलादेवी, सुलतान बत्तेरी सगळं कोंबलेलं असतं. फोटो काढा, पळा. माझं स्पष्ट मत आहे, लेओव्हरमध्ये शहर बघायला जाऊच नये. त्या गावातली एखादी गोष्ट आपल्या घरापर्यंत आलेली असते, ती कुठून आली तेवढं बघून यावं आणि पोटभर खावं. हिशोब करा ना, साडेआठमधला एक तास बाहेर पडण्यात, शेवटचे दोन-अडीच परत आत शिरण्यात, एअरपोर्ट बज्पेला म्हणजे शहर तिथून चौदा-पंधरा किलोमीटर, जाऊन येऊन दीड तास धरा. हातात उरले साडेतीन. त्यात पाच पॉइंट?

माझी गोष्ट होती कौल. कोकणातल्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या माहेरच्या घरावर आजोबांनी नळे (जुनी अर्धगोल कौलं) काढून मंगलोरी कौलं घातली होती. नळे म्हणजे दरवर्षी पावसाआधी शाकारणी, म्हणजे छप्पर उतरवून परत लावणं, वारा आला की सरकायचे, माकडं नाचली की संपलंच. मंगलोरी कौल एकात एक अडकून बसतं, मागच्या खोचेने रिपेला (छपराच्या लाकडी पट्टीला) धरून राहतं. आजोबा सांगायचे, कौलं गलबतातून बंदरात यायची आणि तिथून बैलगाडीने घरी. कौलाच्या खालच्या अंगाला कारखान्याचा ठसा असायचा, इंग्रजी अक्षरात, आणि छताला सीलिंग नसल्यामुळे तो घरातूनच दिसायचा. मला ताप आला की माळ्याखालच्या खाटेवर निजवायचे, आणि मी काचेच्या कौलातून पडणाऱ्या उजेडात ती अक्षरं लावत बसायचे. शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू झालं, पण 'मंगलोर' मला तिसरीतच वाचता येत होतं. तोपर्यंत ते गाव आहे हेही माहीत नव्हतं, मला वाटायचं कौल बनवणाऱ्या माणसाचं नाव असेल.

तर टॅक्सी ठरवली, पॉइंट टू पॉइंट नाही, चार तासांसाठी सरळ, म्हणजे सुटकेस डिकीत राहते (हे लक्षात ठेवा, बॅग ओढत फिरायचं असेल तर त्यापेक्षा लेकीचं ऐका). ड्रायव्हरला म्हटलं कौलांचा कारखाना दाखव. तो आरशातून माझ्याकडे बघतच राहिला. अम्मा, बीच नको? टेंपल नको? त्याचं हिंदी आणि माझं हिंदी सारखंच, मध्येमध्ये मी मालवणी घुसडत होते आणि तो कोंकणी, मजेत चाललं होतं.

इतिहास थोडक्यात सांगते. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचे लोक १८३४ मध्ये मंगळूरला आले. धर्म बदलला की जात सुटायची, जात सुटली की धंदा सुटायचा, मग या माणसांना काम द्यायला मिशनने विणकाम, छापखाना असं काय काय काढलं. जॉर्ज प्लेब्स्ट नावाच्या जर्मन माणसाने इथल्या नद्यांकाठची चिकणमाती बघितली आणि १८६५ मध्ये कौलांचा कारखाना सुरू झाला. पुढे इथल्या लोकांनी स्वतःचे कारखाने काढले. नेत्रावती आणि गुरुपूर नदीची माती, भट्टीला लाकूड, माल न्यायला दारात समुद्र, सगळं जागेवरच. म्हणजे आमच्या घरावर जे होतं ते नेत्रावतीच्या काठचा चिखल होता, भाजलेला.

शहरातल्या जेप्पू भागात ड्रायव्हरने एका बंद कारखान्याजवळ गाडी थांबवली. विटांची उंच चिमणी, तिच्यावर पिंपळ उगवलेला, खाली गवत. आता स्लॅब आला, कौलं कोण घेतंय. वॉचमन आत सोडेना, त्याचं बरोबर होतं. पण फाटकाबाहेर फुटक्या कौलांचा ढीग होता, तिथे वीस मिनिटं उकिडवी बसून मी तुकडे उलटेपालटे करत होते, शेवटी एकावर तीन अक्षरं सापडली. घेऊ का विचारलं तर तो हसला, म्हणाला ट्रक आणा. असा वेळ पाच पॉइंटवाल्यांना मिळतो का सांगा.

ड्रायव्हरने मात्र सेंट अलॉयशियस कॉलेजचं चॅपल, म्हणजे प्रार्थनाघर, दाखवल्याशिवाय सोडलं नाही. मोशेनी नावाच्या इटालियन ब्रदरने १८९९ च्या सुमारास भिंती आणि छत चित्रांनी भरून टाकलंय, मान मोडते वर बघून. चांगलं आहे, नाही म्हणत नाही, पण माझं लक्ष बाहेर टेकडीवरून दिसणाऱ्या उरल्यासुरल्या लाल छपरांकडे होतं, टॉवरांच्या मधून मधून.

खाण्याचं मात्र न चुकता करा. बन्स, म्हणजे पिकलं केळं घालून मळलेल्या पिठाच्या तळलेल्या टम्म पुऱ्या, गोडसर, सोबत नारळाची चटणी. मग नीर डोसा. पत्रोडे मागवलं तर ती निघाली आपल्या अळूवडीची मावसबहीण, ओळख पटायला घासभर वेळ लागला इतकंच. आणि ज्यासाठी हे गाव ओळखलं जातं ते 'गडबड' आइस्क्रीम, उंच ग्लासात थर, फळं, जेली, काजू. म्हणतात की घाईत जे होतं ते एकावर एक टाकून दिलं म्हणून हे नाव. मी घड्याळ बघितलं. दोन वेगळी तिकिटं असली की विमान चुकलं तर कोणी विचारत नाही, सगळी जोखीम आपली. मनाला आवर घातला, पुढच्या वेळी म्हटलं, आणि दोन तास आधी गेटात हजर.

सिक्युरिटीवाल्या मुलीने पर्समधून कौलाचा तुकडा काढला, उलटा केला, अक्षरं वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता परत ठेवला. आत जाऊन बसले तर बोर्डवर विमान एक तास दहा मिनिटं लेट. लेकीचा फोन आला, आई कुठेस? म्हटलं एअरपोर्टवरच आहे गं, चार्जिंग पॉइंटजवळ.

एक तास दहा मिनिटं. दोन गडबड झाल्या असत्या.