साडेचार भुंगे आणि इतर उकली

नववीच्या गणित भाग १ मधले पहिले प्रकरण संचांचे असते. गोल काढून त्यात नावे भरण्याच्या कामाला कोणाची हरकत नसल्यामुळे मुले त्यात रमतात. मग ‘वास्तव संख्या’ हे दुसरे प्रकरण सुरू होते आणि परिमेय-अपरिमेय असे काही सुरळीत चाललेले असताना मध्येच करणी, म्हणजे √२ सारखे पूर्ण न सुटणारे मूळ, उपटते. बाहेर जुलैचा पाऊस, मागच्या बाकांवर वाळत घातलेले रेनकोट आणि फळ्यावर √२, अशा वातावरणात मी वर्षानुवर्षे उभा आहे. मुलांना करणी समजत नाही, अशी माझ्या सहकाऱ्यांची तक्रार असते. मला ती मान्य नाही. मुलांनी करणीचे स्वतःचे शास्त्र केव्हाच सिद्ध केले असून ते आमच्या शास्त्रापेक्षा सोपे, न्याय्य आणि सुसंगत आहे. त्यात फक्त उत्तरे चुकतात.

या शास्त्राचा पहिला सिद्धांत असा की, करणीचिन्हाच्या आत बसलेल्या प्रत्येकाला सारखी वागणूक मिळाली पाहिजे. त्यामुळे √(९ + १६) दिसताच वर्ग एका सुरात ‘सात!’ म्हणतो. मी आधी बेरीज करून √२५ म्हणजे ५ असे दाखवले की मुले माझ्याकडे वजनात मारणाऱ्या दुकानदाराकडे पाहावे तसे पाहतात. ‘सर, वेगळे काढले तर सात आणि एकत्र काढले तर पाच? मग दोन गेले कुठे?’ या प्रश्नातली वेदना खरी असते. त्यातून √(९ × १६) मात्र त्यांच्याच रीतीने ३ गुणिले ४, म्हणजे बिनचूक १२ येते. गुणाकाराला एक न्याय आणि बेरजेला दुसरा, हा पक्षपात त्यांना सहन होत नाही. खरे पाहता ही सवय आम्हीच लावलेली असते. २(अ + ब) म्हणजे २अ + २ब, हे आम्ही त्यांच्याकडून इतके घोटून घेतलेले असते की, कंसात शिरून प्रत्येकाच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय त्यांना बाहेर पडवत नाही.

शेवटी मी मुलांना मैदानावर नेतो, म्हणजे खिडकीतून दाखवतो, कारण पाऊस असतो. मैदानाच्या एका कडेने ३ आणि दुसऱ्या कडेने ४ असे चालत गेलास तर ७ होतात. मधून तिरका गेलास तर ५. पीटीचे सर रोज ओरडत असूनही मैदान तिरके ओलांडत नाही असा विद्यार्थी आमच्या शाळेत नसल्यामुळे हा युक्तिवाद पटतो. तो पुढच्या उदाहरणापर्यंत टिकतो. पुढचे उदाहरण √२ + √३ हे असते आणि त्याचे उत्तर √५ असते, असे मला सांगण्यात येते.

दुसरे दुःख करणीचिन्हावरच्या आडव्या रेघेचे आहे. क्रिस्टॉफ रुडॉल्फ या जर्मन गणितज्ञाने १५२५ मध्ये हे चिन्ह छापले तेव्हा त्याला डोक्यावर रेघ नव्हती. ती १६३७ मध्ये देकार्त या फ्रेंच गणितज्ञाने दिली. कुठपर्यंतचा मजकूर मुळाखाली येतो हे निःसंदिग्धपणे कळावे, हा त्याचा उदात्त हेतू होता. आमच्या वर्गातल्या वह्या त्याला कोणीतरी दाखवायला हव्या होत्या. √(३क्ष) लिहिताना रेघ ३ वरून निघते, क्ष च्या दिशेने जाते आणि क्ष च्या पहिल्या वळणावर दम खाते. एका छत्रीतून दोघे निघावेत आणि एकाचा खांदा सबंध रस्ताभर भिजावा, तशी त्या क्ष ची स्थिती होते. तो आत आहे की बाहेर, असे विचारले की लेखकाकडून प्रामाणिक उत्तर येते : ‘सर, तुम्हाला कुठे हवाय?’ उत्तरपत्रिका तपासताना तर ही रेघ पुढच्या ओळीत वाढलेली आढळते, कारण दरम्यान उत्तर कळलेले असते.

छेदाचे परिमेयीकरण हा सगळ्यांत नाजूक भाग आहे. १/√२ हे √२/२ असे लिहावे, छेदात करणी ठेवू नये, असे मी सांगतो आणि पहिल्या बाकावरची एक मुलगी अत्यंत विनयाने विचारते, ‘का?’ या प्रश्नाला ‘पुस्तकात तसे आहे’ हे उत्तर देण्याची सोय आहे आणि पुष्कळ जण ती वापरतात. खरे कारण असे की, हाताने भागाकार करण्याच्या काळात १ ला १.४१४२१… ने भागत बसणे म्हणजे एक अख्खी संध्याकाळ होती; उलट १.४१४२१… ची निम्मी करणे तोंडी जमते, ०.७०७१०…, संपले. हे मी उत्साहाने सांगतो. मुलगी शांतपणे म्हणते, ‘पण आता मोबाइलवर दोन्हींचे उत्तर सारखेच येते.’ येते. मग मी घाईने द्विपद करणीकडे, म्हणजे दोन करण्यांच्या बेरीज-वजाबाकीकडे, वळतो. १/(√५ − √३) या अपूर्णांकाच्या अंशाला आणि छेदाला अनुबद्ध जोडीतल्या, म्हणजे फक्त मधले चिन्ह उलटे असलेल्या, √५ + √३ ने गुणले की छेदात ५ − ३ म्हणजे नुसते २ उरतात आणि करण्या नाहीशा होतात. ही खरोखर देखणी गोष्ट आहे, असे माझे मत मी दरवर्षी वर्गाला सांगतो. वर्गातली निम्मी मुले मात्र √५ − √३ ने गुणतात, त्यांच्या छेदात ८ − २√१५ हे नवे प्रकरण जन्माला येते आणि ती विश्वासाने माझ्याकडे पाहतात.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न मुलांचा नसतो, तो पालक सभेत येतो. त्यासाठी माझ्याकडे एक हुकमी प्रयोग आहे. ए-४ कागदाची रुंदी २१० मिलिमीटर आणि लांबी २९७. त्यांचे गुणोत्तर जवळजवळ √२. म्हणूनच तो मधोमध दुमडला तरी आकाराचे प्रमाण तेच राहते आणि झेरॉक्सवाला मोठे पान लहान करून देतो तेव्हा कडा वाया जात नाहीत. कागदाची आखूड कड लांब कडेवर आणून घडी घालावी. जी तिरकी घडी पडते तो चौरसाचा कर्ण, आणि तो दुसऱ्या ए-४ कागदाच्या लांब कडेला लावून पाहिला की अगदी बरोबर जुळतो. एकदा हा प्रयोग करायचा म्हणून मी कार्यालयातून कागद मागवले. शिपाई मामांनी आणून दिलेला गठ्ठा फुलस्केपचा होता, हे सगळ्यांच्या घड्या घालून झाल्यावर उघडकीला आले. कोणाचाच कर्ण जुळेना. खरोखर कळवळून एकाने विचारले, ‘सर, फुलस्केपचे √२ वेगळे असते का?’ एक पालक मागे उभे राहून हे सगळे पाहत होते. उपयोगाचा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही.

या सगळ्यांत √१६ चा वाद मी मुद्दाम मागे ठेवला होता. क्ष² = १६ या समीकरणाच्या उकली दोन, ४ आणि −४; पण √१६ ही एकच संख्या आहे आणि ती ४ आहे, कारण हे चिन्ह धन मुळासाठीच राखून ठेवण्याचा संकेत आहे. एकाच तासात एकाच इसमाने केलेली ही दोन विधाने ऐकून मुलांचा माझ्यावरचा विश्वास कायमचा डळमळतो.

तो डळमळलेला विश्वास घेऊन ती दहावीत येतात. वर्गसमीकरणे झाली की करणी असलेली काही समीकरणे मी हौसेने घालतो. ‘हे परीक्षेला आहे का?’ असे विचारले गेले की न ऐकल्यासारखे करतो. त्यांतले माझे आवडते उदाहरण भास्कराचार्यांचे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे, तेच हे भास्कराचार्य. ११५० सालच्या लीलावतीत ते विचारतात : भुंग्यांच्या थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ मालतीकडे गेले, थव्याचे आठ नवमांशही गेले, आणि रात्री कमळात अडकून गुंजारव करणाऱ्या एका भुंग्याला एक भुंगी बाहेरून साद देत आहे, तर कान्ते, भुंगे किती? भास्कराचार्यांना निदान विचारायला कान्ता होती. माझ्यासमोर दहावी ब असते.

समीकरण √(क्ष/२) + ८क्ष/९ + २ = क्ष असे बनते. करणी एका बाजूला ठेवून दोन्ही बाजूंचा वर्ग केला की २क्ष² − १५३क्ष + ६४८ = ० मिळते आणि उकली येतात ७२ आणि साडेचार. साडेचार बाद, कारण अर्धा भुंगा नसतो, असे वर्ग ठरवून टाकतो. (‘अर्धा म्हणजे कमळात अडकलेला असेल’ असा मागून एक सूर निघतो.) उत्तर बरोबर, पण दिलेले कारण साफ चूक. समीकरणाला भुंग्यांशी कर्तव्य नाही. भुंग्यांच्या जागी लिटरने मोजायचे दूध घातले तरी साडेचार बादच होतात. साडेचाराच्या निम्म्याचे वर्गमूळ दीड, आठ नवमांश म्हणजे चार, वर दोन, एकूण साडेसात. ३ आणि −३ समान नसतात, पण त्यांचे वर्ग समान असतात. वर्ग करताना चिन्हाचा पुरावा नष्ट होतो आणि त्या गडबडीत उपटसुंभ उकल आत घुसते. म्हणून शेवटी मूळ समीकरणात किंमत घालून ताळा केलाच पाहिजे, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. मुले त्याप्रमाणे उत्तराखाली ‘ताळा : बरोबर आहे’ असे सुवाच्य अक्षरांत लिहितात.

यंदाच्या घटक चाचणीत मी √(क्ष + ६) = क्ष हे सरळ समीकरण दिले. ३ आणि −२ या किमती बहुतेकांना आल्या. एकाने लिहिले होते, ‘−२ चालणार नाही, कारण सरांना ते आवडत नाही.’ मी ताळ्याचा एक गुण कापला. पेपर हातात पडताच स्वारी भांडायला आली. मी म्हटले, ‘ये, फळ्यावर करून दाखव.’ त्याने −२ घातले. डावीकडे √४ आले. तो थांबला, हसला, √४ पुढे ±२ लिहिले, त्यातल्या उण्याला गोल केला आणि म्हणाला, ‘हे बघा, चालते की सर! तुम्हीच उगाच नको म्हणत होता.’ मी √४ म्हणजे फक्त २ हे नववीपासूनचे पुराण पुन्हा सुरू केले; त्याने क्ष² = ४ च्या दोन उकली माझ्याच तोंडचे शब्द वापरून ऐकवल्या. इतिहासाच्या बाई तोवर दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. ‘मग अर्धा गुण तरी द्या,’ तो आवाज उतरवून म्हणाला, आणि मी दिला. तो कोणत्या नियमाने दिला, हे मुख्याध्यापकांनी कृपया विचारू नये.