आधी परवानगीचे पत्र, मग कीबोर्ड

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर्स आणि आयटी कंपन्या जसजशा वाढल्या, तसतशी ठाणे आणि नवी मुंबईतल्या महाविद्यालयांत सायबर सुरक्षेच्या विषयांना गर्दी होऊ लागली. ही गर्दी स्वागतार्हच आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की या मुलांना आपण साधने शिकवतो, पण ती कोणाच्या यंत्रणेवर, कोणाच्या परवानगीने आणि कुठपर्यंत चालवायची हे शिकवत नाही. आणि नोकरीला लागल्यावर गाठ पडते ती नेमकी याच प्रश्नांशी. मी सुरक्षा ऑडिटच्या कामात आहे आणि व्हिजिटिंग फॅकल्टी म्हणून वर्गावरही जातो, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहायला मिळतात.

प्रॅक्टिकलचे जर्नल उघडून पाहा. एनमॅपने पोर्ट स्कॅन करणे, म्हणजे संगणकात शिरायचे कोणते मार्ग उघडे आहेत ते पाहणे, वायरशार्कने पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे, पकडणे, मेटास्प्लॉइटने एखादी जुनी त्रुटी वापरून आत शिरणे. प्रत्येक प्रयोगाला उद्देश, कृती, स्क्रीनशॉट, निष्कर्ष आणि खाली सही. ज्या संगणकावर हे सगळे केले तो कोणाचा होता, हा रकाना कुठेच नसतो. नीतिमत्तेचा भाग बहुधा शेवटच्या युनिटमध्ये, म्हणजे सबमिशनच्या धांदलीत येतो. पांढरी टोपी (परवानगीने काम करणारा हॅकर), करडी टोपी (परवानगीवाचून, पण वाईट हेतू नसलेला) आणि काळी टोपी (गुन्हेगार) यांतला फरक पाच गुणांसाठी पाठ होतो आणि विषय संपतो. सरावासाठी डीव्हीडब्ल्यूए किंवा ज्यूस शॉप यांसारखी मुद्दाम सदोष बनवलेली अ‍ॅप्लिकेशन्स वापरली जातात आणि तंत्र शिकायला ती उत्तमच आहेत. पण त्यांच्यामागे मालक नसतो, ग्राहक नसतो, कोणाची खासगी माहिती नसते. तिथे कितीही धुडगूस घातला तरी कोणाचे काही बिघडत नाही, आणि म्हणूनच कुठे थांबायचे हे तिथे शिकताही येत नाही.

“सर, माझा हेतू वाईट नव्हता,” हे वाक्य विद्यार्थ्यांकडून वारंवार ऐकू येते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा यंत्रणेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणकात शिरणे किंवा त्यातली माहिती उतरवून घेणे, एवढ्यानेही नुकसानभरपाईचा दावा ओढवू शकतो. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असेल तर कलम ६६ लागते आणि तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे हेतूची चर्चा होते ती कलम ६६ मध्ये; कलम ४३ आधी परवानगीच विचारते. अमेरिकेच्या न्याय खात्याने मे २०२२ मध्ये निदान असे धोरण जाहीर केले की चांगल्या हेतूने सुरक्षा संशोधन करणाऱ्यांवर तिथल्या संगणक गुन्हे कायद्याखाली खटले भरू नयेत. आपल्या कायद्यात अशा संशोधकाला संरक्षण देणारी स्पष्ट तरतूद नाही. हे विद्यार्थ्याला पहिल्या तासाला कळायला हवे, अटकपूर्व जामिनाची चौकशी करताना नव्हे.

एक अगदी साधा प्रसंग घ्या. निकालाच्या पानावर पत्त्यात शेवटी आसन क्रमांक दिसतो. मुलगा सहज एक आकडा बदलतो आणि शेजारच्या मुलीची गुणपत्रिका समोर येते. इथपर्यंत कुतूहल असते. पुढच्या दहा मिनिटांत तो काय करतो, यावर सगळे ठरते. तो स्क्रीनशॉट वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू शकतो, छोटीशी स्क्रिप्ट लिहून सगळ्या वर्गाचे निकाल उतरवू शकतो, किंवा “त्रुटी सांगतो, मोबदला द्या” असा मेल पाठवू शकतो, ज्याला पोलीस खंडणी म्हणू शकतील. योग्य मार्ग कंटाळवाणा आहे: तिथेच थांबावे, पानाचा पत्ता आणि वेळ टिपून ठेवावी, नाव झाकलेला एकच पुरावा जोडून जबाबदार व्यक्तीला लेखी कळवावे, आणि दाद लागली नाही तर सर्ट-इनकडे जावे, त्रुटींची माहिती स्वीकारून संबंधितांशी समन्वय साधण्याचे काम ही केंद्रीय संस्था करते. मात्र एका महाविद्यालयात अशाच प्रकारे कळवणाऱ्या विद्यार्थ्याला शाबासकीऐवजी पालकांना घेऊन येण्याची नोटीस मिळाली, आणि ते पान मात्र पुढेही तसेच उघडे राहिले. बाकीच्या मुलांनी त्यातून काय धडा घेतला असेल, हे सांगायला नको.

नोकरीतला पेच याहून अवघड असतो, कारण तिथे चुकीचे काम सांगणारा वरिष्ठ असतो. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. आता ऐरोलीत रात्रपाळीला बसलेल्या, जेमतेम सहा महिन्यांचा अनुभव असलेल्या अ‍ॅनालिस्टची कल्पना करा. पहाटे दोन वाजता त्याला सर्व्हरवर घुसखोरीच्या खुणा दिसतात आणि मॅनेजर फोनवर म्हणतो, “सकाळी बघू, तिकीट आत्ता काढू नकोस,” म्हणजे घटनेची अधिकृत नोंद करू नकोस. सकाळी दहाला सगळे जमेपर्यंत मुदत टळून गेलेली असते. ऑडिटमध्येही असेच चालते: गेल्या वर्षीच्या अहवालावर नवी तारीख घालायची, क्लायंट नाराज होईल म्हणून ‘हाय’ म्हणजे गंभीर त्रुटी ‘मीडियम’ म्हणजे मध्यम करून दाखवायची. अशा वेळी निदान वेळ नोंदवून मेल करावा, तोंडी आदेश लेखी मागावा, हे कोणत्याही सर्टिफिकेट कोर्समधून हाती लागत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा अमेरिकी कर अधिकारी असल्याची बतावणी करून अमेरिकेतल्या लोकांना लुबाडण्याचा उद्योग उघड झाला. ताब्यात घेतलेल्या सातशेहून अधिक जणांत तरुण कर्मचारीच बहुसंख्य होते. समोर छापील स्क्रिप्ट होती, महिन्याला पगार होता आणि वर टीम लीडर होता; चांगल्या घरातल्या मुलालाही नाही म्हणणे जड जावे, अशीच ती रचना होती.

म्हणून माझी सूचना अशी की महाविद्यालयाने स्वतःचीच एखादी यंत्रणा, ग्रंथालयाची किंवा नोटीस बोर्डाची चालेल, सरावासाठी खुली करावी. विद्यार्थ्यांनी आधी पत्र लिहावे: कोणते आयपी पत्ते (म्हणजे नेटवर्कवरचे कोणते संगणक), कोणत्या वेळेत, कोणत्या चाचण्या, काय करायचे नाही, काही बिघडले तर कोणाला फोन करायचा. त्यावर प्राचार्य आणि सिस्टिम अ‍ॅडमिन यांची सही झाल्याशिवाय लॅपटॉप उघडू नये. सापडलेल्या त्रुटींपेक्षा अहवालाला आणि वेळेवर थांबण्याला जास्त गुण असावेत. तोंडी परीक्षेत पहाटे दोनचा तो फोनही विचारावा.

बदनामीच्या भीतीने अनेक प्राचार्य याला तयार होणार नाहीत, हे मी जाणून आहे. त्यांनी निदान संकेतस्थळावर त्रुटी कळवण्यासाठी एक ईमेल पत्ता द्यावा आणि त्याखाली दोन वाक्ये लिहावीत: किती दिवसांत उत्तर मिळेल, आणि माहिती न उतरवता जागीच थांबून कळवणाऱ्या विद्यार्थ्यावर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. याला अभ्यास मंडळाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.