तिहुआनात पाहण्याखाण्यासारखे काही नाही, हा समज तपासताना

दक्षिण कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या, किंवा तिथे मुलांकडे राहायला आलेल्या मराठी मंडळींमध्ये मेक्सिकोच्या सीमेवरील तिहुआना शहराविषयी एक सल्ला वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. त्याचा गोषवारा असा: तिथे स्वस्त दारू, स्वस्त औषधे आणि पट्टे रंगवलेली गाढवे यांपलीकडे काही नाही, जेवण अमेरिकी पर्यटकांसाठी बेतलेले असते, ‘खरे’ मेक्सिकन नव्हे, सीझर सॅलडसुद्धा मुळात इटलीचे, शाकाहारी माणूस उपाशी राहतो, पाऊल ठेवताच लुटले जाल, आणि इतके सांगूनही जायचेच असेल तर अमेरिकेचा व्हिसा आहेच, उठा आणि जा.

दारूची ख्याती खोटी नाही, मात्र ती कोणामुळे मिळाली हे या सल्ल्यात येत नाही. 1920 ते 1933 या काळात अमेरिकेत दारूबंदी होती आणि तहानलेले कॅलिफोर्निया सीमा ओलांडून इथे येत होते. 1928 मध्ये उघडलेले आग्वा काल्येंते हे जुगारगृह आणि विश्रामस्थान हॉलिवूडच्या नटनट्यांनी गजबजलेले असे. 1935 मध्ये राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी जुगारावर बंदी आणली आणि ते बंद पडले. त्या सात वर्षांवरून आजच्या सुमारे 19 लाख वस्तीच्या शहराची परीक्षा करणे अन्यायाचे आहे. गाढवांचे म्हणाल, तर जुन्या कृष्णधवल छायाचित्रांत पांढरे गाढव नीट उमटत नसे म्हणून आवेनिदा रेव्होलुसिओन या पर्यटकांच्या मुख्य रस्त्यावरच्या फोटोवाल्यांनी त्यांच्यावर झेब्र्याचे पट्टे ओढले, असे सांगितले जाते. भर उन्हात गाडीला जुंपून उभे केलेले जनावर पाहणे मला तरी रुचत नाही. ते टाळून पुढे जावे.

पुढे गेल्यावर काय आहे? रिओ भागात 1982 मध्ये उघडलेले तिहुआना सांस्कृतिक केंद्र आहे, ज्याच्या प्रचंड गोलाकार चित्रगृहाला लोक नुसते ‘ला बोला’, म्हणजे चेंडू, म्हणतात. याच आवारातल्या कॅलिफोर्नियांच्या संग्रहालयात, तिहुआना ज्यावर वसले आहे त्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाचा इतिहास मूळ रहिवाशांपासून मिशनऱ्यांपर्यंत आणि पुढे मांडलेला आहे. आपल्या अंगणातला हा इतिहास सॅन दिएगोत राहणाऱ्या फार थोड्या लोकांना ठाऊक असतो. पश्चिमेला प्लायास भागात सीमेचे कुंपण थेट पॅसिफिक महासागरात उतरते. मेक्सिकोच्या बाजूने त्याच्या खांबांवर चित्रे रंगवलेली आहेत, शेजारी समुद्राकाठचे बैलझुंजीचे मैदान आहे, आणि रविवारी सहकुटुंब फिरायला आलेली माणसे त्या कुंपणाच्या सावलीत निवांत मक्याची कणसे खात असतात. बातम्यांमध्ये पाहिलेल्या भिंतीचे हे रूप अमेरिकेच्या बाजूने दिसत नाही.

सॅलडविषयीचे विधान मात्र सरळ चूक आहे. सीझर कार्दिनी हे जन्माने इटालियन होते, एवढाच त्यातला खरा भाग. त्यांचे उपाहारगृह तिहुआनात होते, आणि प्रचलित कथेनुसार 4 जुलै 1924 रोजी अमेरिकी सुट्टीची गर्दी लोटल्यामुळे स्वयंपाकघरात उरलेसुरले होते त्यातून त्यांनी हा पदार्थ जुळवला. श्रेय त्यांचे, त्यांच्या भावाचे की स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या कोणाचे, यावर वाद आहे. पण या सगळ्या दावेदारांचा पत्ता तिहुआनाच आहे. ‘सीझर्स’ या उपाहारगृहात आजही वाढपी चाकांचे टेबल तुमच्यापाशी आणतो, लाकडी वाडग्यात लसूण, अंड्याचा बलक, लिंबू, तेल आणि वूस्टरशर सॉस तुमच्यासमोर घोटतो, आणि रोमेन लेट्यूसची अख्खी पाने त्यात घोळवून वर चीज किसतो. पाने चिरलेली नसतात. अमेरिकेत प्लास्टिकच्या डब्यात मिळणारा चिकट पांढरा लगदा खाऊन ज्यांनी या सॅलडविषयी मत बनवले आहे, त्यांनी हे एकदा पाहावे.

‘खरा मेक्सिको’ या कल्पनेतच गोंधळ आहे. 1920 च्या सुमारास हजारभर वस्ती असलेले हे गाव वाढले ते सिनालोआ, हालिस्को, मिचोआकान, ओआहाका अशा प्रांतांतून आलेल्या माणसांमुळे, आणि प्रत्येकाने आपली चूल सोबत आणली. हालिस्कोची बिर्रिया, म्हणजे मसालेदार रस्सा, मुख्यत्वे बकऱ्याच्या मांसाची. तिहुआनात ती गोमांसाची झाली, लाल रश्श्यात बुडवलेल्या टॉर्टियात (पातळ पोळीत) चीजसह भाजली जाऊ लागली, आणि मग लॉस एंजेलिसमार्गे जगभर गेली. थोडक्यात, या बाबतीत अमेरिकनांनी तिहुआनाची नक्कल केली आहे. उभ्या सळीवर भाजलेल्या, मिरचीच्या वाटणात मुरवलेल्या डुकराच्या मांसाचे ‘आदोबादा’ टाको रात्री उशिरापर्यंत हातगाड्यांवर मिळतात, आणि तिथे रांगेत उभी असते ती स्थानिक माणसे. उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशेलिनने 2024 मध्ये मेक्सिकोची पहिली मार्गदर्शिका काढली तेव्हा निवडक प्रांतांत बाहा कॅलिफोर्नियाचा, म्हणजे तिहुआनाच्या प्रांताचा, समावेश केला, हेही इथे नोंदवायला हवे.

शाकाहाराचा मुद्दा अर्धा खरा आहे, पण उपासमारीची भीती अनाठायी आहे. खरी अडचण लपलेल्या घटकांची आहे. घोटलेल्या राजम्यात आणि मैद्याच्या टॉर्टियात डुकराची चरबी असू शकते. ‘मांतेका’, म्हणजे ही चरबी, आहे का, एवढे विचारावे. सीझर सॅलडही शाकाहारी नाही, कारण वूस्टरशर सॉसमध्ये मासे असतात. मक्याची टॉर्टिया मात्र चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याची असते, आणि तीत भरायला चीज, अळंबी, भाजलेल्या मिरच्यांच्या पट्ट्या किंवा निवडुंगाची कोवळी पाने मिळतात. इदाल्गो बाजारात चिंच, वाळलेल्या मिरच्यांचे ढीग आणि पिलोन्सियोचे शंकू पाहून मराठी गृहिणी थबकतेच, कारण पिलोन्सियो म्हणजे उसाचा गूळच.

सुरक्षिततेबाबत थट्टा करून चालणार नाही. या शहरातील खुनांचे प्रमाण गंभीर आहे आणि अमेरिकी परराष्ट्र खात्याने या प्रांतासाठी ‘प्रवासाचा फेरविचार करा’ असा इशारा अनेक वर्षे दिलेला आहे. पण हिंसेचा मोठा भाग अमली पदार्थांच्या टोळ्यांशी निगडित आणि पर्यटक जात नाहीत अशा वस्त्यांत एकवटलेला आहे. दिवसा रिओ, प्लायास किंवा रेव्होलुसिओन भागात फिरणे आणि रात्री उत्तरेकडच्या बदनाम वस्तीत भटकणे, हे दोन वेगळे निर्णय आहेत. इशारा वाचून कोणी गेलेच नाही, तर त्याला भित्रा म्हणण्याचे कारण नाही. मात्र लुटले जाण्याची ‘खात्री’ ही भर फॉरवर्ड करणाऱ्याची आहे.

आता ते शेवटचे ‘उठा आणि जा’. भारतीय पारपत्रधारकाला अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असल्यास मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण तो व्हिसा मुदतीतला असावा लागतो. नोकरीच्या व्हिसाची मुदत कागदोपत्री वाढलेली पण पारपत्रावरचा शिक्का संपलेला, अशा स्थितीत असलेल्या आपल्या असंख्य अभियंत्यांना हे लागू होत नाही. त्यांनी मेक्सिकोचा व्हिसा आधी काढावा आणि परतताना अमेरिकेत पुनःप्रवेशाचे नियम आपल्याला कसे लागू होतात ते वकिलाकडून तपासून घ्यावे. गाडी नेणार असाल तर अमेरिकी विम्यावर विसंबू नका, मेक्सिकोत तिथला विमा लागतो. त्यापेक्षा सॅन दिएगोची निळी ट्रॉली सान इसिद्रोच्या शेवटच्या स्थानकावर सोडून पायी सीमा ओलांडावी, आणि परतीच्या रांगेसाठी दोन तास हाताशी ठेवावेत.