पाण्यात टाकून पाचूची परीक्षा होत नाही

‘पाचू अस्सल आहे की नाही हे घरच्या घरी कळतं, लॅबचं सर्टिफिकेट म्हणजे पैसे मोजून आणलेला कागद’ असा एक मजकूर सध्या फिरतो आहे. सोबत चार परीक्षाही आहेत: खडा पाण्यात टाका, काचेवर घासा, त्यावर श्वास सोडा आणि आत जाळं दिसलं तर तो खाणीतला समजा. यावर विसंबून कुणी खडा घेतला तर फसण्याचीच शक्यता जास्त.

पाण्यात पाचू बुडतो. कारखान्यात वाढवलेला पाचूही बुडतो आणि हिरवी काचही बुडते. घासण्याचंही तेच. कृत्रिम पाचू हाही बेरिलचाच (पाचू ज्या खनिजाचा असतो त्याचाच) स्फटिक, मोह्सच्या दहापैकी मोजल्या जाणाऱ्या मापावर काठिण्य तेच साडेसात ते आठ. काचेवर दोघेही ओरखडा काढतात. शिवाय भेगा असलेला पाचू असा घासला तर त्याचा कपचा उडू शकतो. हा सल्ला देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. श्वासाची परीक्षा तर हिऱ्याची आहे. हिरा उष्णता झपाट्याने वाहून नेतो, पाचूत तो गुण नाही.

जाळ्याचा मुद्दा सर्वांत घातक, कारण तो अर्धा खरा आहे. खाणीतल्या बहुतेक पाचूंत खुणा असतात. पण वितळलेल्या फ्लक्समध्ये (पाचूचे घटक विरघळवणाऱ्या रसायनात) वाढवलेल्या कृत्रिम पाचूतही धुरकट पडदे राहतात आणि नवख्या डोळ्याला ते नैसर्गिक भेगांसारखेच दिसतात. प्रश्न खुणा कसल्या, हा आहे. कोलंबियाच्या अनेक खड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली द्रवाने भरलेली पोकळी, तिच्यात वायूचा बुडबुडा आणि मिठाचा चौकोनी स्फटिक एकत्र सापडतो. जलऔष्णिक पद्धतीने, म्हणजे खूप दाबाखालच्या गरम पाण्यात, वाढवलेल्या कृत्रिम खड्यात नागमोडी वाढरेषा दिसतात. स्फटिकाच्या आतल्या बारीक नळ्यांत अडकलेलं पाणी खाणीतल्या पाचूत असतं, फ्लक्सवाल्यात नसतं. इन्फ्रारेड तपासणीत ते लगेच कळतं. घरच्या भिंगातून यातलं बरंचसं दिसतच नाही.

आणि तेलाबद्दल त्या मजकुरात एक अक्षर नाही! खाणीतल्या पाचूच्या भेगा तेलाने, कधी कृत्रिम राळेने भरणं ही व्यापारातली सर्रास चालणारी गोष्ट आहे. दोन्ही खडे अस्सल, पण एकात नावापुरतं तेल आणि दुसऱ्यात भरपूर राळ असेल तर किमतीत मोठा फरक पडतो. हे भरण कसलं आणि किती, ते चांगल्या लॅबचा अहवाल सांगतो.

‘विकतचा कागद’ हा आरोप एका ठिकाणी लागू पडतो: विकणाऱ्यानेच स्वतःच्या नावाने दिलेलं प्रमाणपत्र. म्हणून तर लॅब स्वतंत्र हवी. अमेरिकेतली जीआयए किंवा स्वित्झर्लंडमधली एसएसईएफ तपासणीचं शुल्क घेते, रत्नं विकत नाही. अहवाल हाती आल्यावर त्याचा क्रमांक लॅबच्या संकेतस्थळावर पडताळा, वजन आणि मापं समोरच्या खड्याशी जुळवा. तारीखही बघा. तेल काळानुसार सुकतं, पुन्हा भरलंही जातं; अहवाल जुना असेल तर तेलाची तपासणी नव्याने करून घ्या.