शपथेला एक पहाट, मदतीला महिनोन्महिने

सोसायटीच्या ग्रुपवर आज सकाळपासून पुन्हा तेच. कोरोनात कोणी जास्त दिलं? एकाने केंद्राच्या २० लाख कोटींचं पोस्टर टाकलं, दुसऱ्याने उद्धव ठाकरे सरकारच्या ५,४७६ कोटींच्या पॅकेजचं. दुपारपर्यंत एकमेकांचं खानदान निघालं. ग्रुप म्यूट केला, पण बोलल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या कोपऱ्यावरच्या स्टँडवर एक रिक्षावाले मामा आहेत. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने निर्बंधांसोबत त्याच पॅकेजमधून रिक्षावाल्यांना १,५०० रुपये जाहीर केले. मामा फॉर्म भरून घ्यायला माझ्याकडे आले. पण पैसे परवानाधारकांना. मामांकडे बॅज आहे, लायसन्स आहे, रिक्षा मात्र शिफ्टवर, परवाना मालकाचा. संपलं! दीड हजार रुपये हो. तेवढ्यालाही मामा बसले नाहीत.

आता जरा वर बघा. ऑगस्ट २०२० मध्ये राज्यांनी केंद्राकडे जीएसटीत बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई मागितली. भीक नव्हती ती, पाच वर्षं भरपाई देऊ असा कायदाच होता. केंद्रातल्या अर्थमंत्री बाई, निर्मला सीतारामन, म्हणाल्या, कोरोना ही देवाची करणी. कर्ज राज्यांनीच काढा, हवं तर ९७ हजार कोटी, नाहीतर २ लाख ३५ हजार कोटी. भाजपची राज्यं मुकाट पहिल्याला तयार, विरोधकांची अडून बसलेली. ऑक्टोबरच्या मध्यावर केंद्रानेच १ लाख १० हजार कोटींचं कर्ज काढून राज्यांना द्यायचं मान्य केलं. मग ऑगस्टमध्ये काय अंगात आलं होतं? कंपन्यांनी पंतप्रधानांच्या पीएम केअर्स निधीला दिलेलं सीएसआरमध्ये, म्हणजे कायद्याने करायच्या समाजकार्याच्या खर्चात, धरायचं आणि मुख्यमंत्री निधीला दिलेलं नाही, हा कोतेपणा तर विसरताच येत नाही.

फुकटचं धान्य मिळालं, ते मान्य. मामांच्या घरी तेच शिजत होतं. राज्याच्या तिजोरीत खडखडाट होता, तेही मान्य, चला.

पण राज्यात काय झालं? इथे विरोधात असलेल्या भाजपने पॅकेज तोकडं म्हणून कॅमेऱ्यासमोर टीका केली, सत्ताधाऱ्यांनी दिल्लीकडे बोट दाखवलं. शिफ्टवाल्यांचं काय, हे दोघांपैकी कोणी विचारलेलं मला तरी ऐकू आलं नाही. मी तेव्हा मामांसमोरच तोंडाला येईल ते बोलले होते. तर मामाच म्हणाले, "जाऊ द्या ताई, मालकाची पण रिक्षा बंदच होती की." त्या माणसाला मालकाची बाजू दिसत होती. यांना शेजारच्या पक्षाची दिसत नाही.

आणि विचारधारा वेगळ्या म्हणून तडजोड अवघड, हे मला सांगू नका. नोव्हेंबर २०१९ मध्ये फडणवीस आणि अजितदादांचं एका रात्रीत जमलं, सकाळी उठलो तर शपथविधी उरकलेला! ते मोडलं, तर आठवड्याच्या आत शिवसेना आणि काँग्रेस एका मंत्रिमंडळात. केंद्राकडे थकबाकी मागणाऱ्या आघाडी सरकारचे अर्थमंत्री होते अजितदादा. २०२३ मध्ये तेच भाजपच्या मांडीला मांडी लावून बसले, अर्थखात्यासकट. मामांच्या दीड हजारावर मात्र एक बैठक होत नाही.

कमेंटमध्ये झेंडे घेऊन येणार असाल तर त्या दोन वर्षांत केंद्र आणि राज्य कुरबुरीशिवाय एकत्र बसले, असा एक निर्णय आधी सांगा. आणि लसीचं काढू नका, तिथे प्रमाणपत्रावर फोटो कोणाचा यावरूनही भांडण झालं होतं.