कॅबिनेटला झेंडूचा हार

अंधेरीत गाळा घेऊन संसर्गजन्य रोगांची प्रयोगशाळा काढताय? अभिनंदन. खाली फरसाणवाला आहे हे तर फारच उत्तम. ऑटोक्लेव्हचा, म्हणजे वाफेने जंतू मारायच्या भांड्याचा, वास नेमका कुठून येतोय, हे सोसायटीला जन्मात कळणार नाही.

आधी दारावरची पाटी करून घ्या. ‘बीएसएल-२’, म्हणजे जैवसुरक्षेची दुसरी पातळी, ॲक्रिलिकवर, लाल अक्षरांत. जागतिक आरोग्य संघटनेला काही उद्योग नाही. २०२० साली त्यांनी आपल्या सुरक्षा मॅन्युअलची चौथी आवृत्ती काढली आणि ‘जंतू अमुक गटातला, म्हणून खोली तमुक पातळीची’ हे आपलं सोयीचं गणितच मोडीत काढलं. आता म्हणे आधी बघा काय करताय, कोण करतंय, कुठे करतंय. चूक व्हायची शक्यता किती, झाली तर भोगावं किती लागेल. आणि मग बंदोबस्त ठरवा. इतका विचार करायचा तर पाटीला पैसे कशाला मोजले?

क्षयाचंच घ्या. जंतू एकच, पण थुंकीचा लेप काचपट्टीवर पसरायचा तर हवा खेळती असलेलं साधं टेबल पुरतं. तीच थुंकी कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवण्यासाठी, घुसळली, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की डोळ्याला न दिसणारे तुषार उडतात, म्हणून जैवसुरक्षा कॅबिनेट, म्हणजे हवा आत खेचून गाळणारं कपाट, लागतं. आणि वाढलेल्या कल्चरवर औषधं चालतात का हे तपासायचं, तर तिथे जंतूंची जत्राच भरलेली असते. बंदोबस्त सगळ्यात कडक तिथे. तुम्ही बरोबर उलटं करा. काचपट्टीच्या वेळी नखशिखान्त पांढरा सूट, कारण ब्रोशरचे फोटो तेव्हाच काढतात. घुसळायचं काम मात्र उघड्या टेबलावर. कॅबिनेटमध्ये जुनी रजिस्टरं आहेत, ती कुठे हलवणार? मुंबईत जागेचा भाव माहीत आहे ना?

रजिस्टरं वर्षातून एकदाच बाहेर काढायची, खंडेनवमीला. त्या दिवशी कॅबिनेटला हळदकुंकू आणि झेंडूचा घसघशीत हार. हार नेमका समोरच्या जाळीवर सोडा. खोलीतली हवा त्या जाळीतून आत खेचली जाते, तोच काम करणारा आणि जंतू यांच्यामधला अदृश्य पडदा. फुलांनी तो बुजला की देवच बघून घेईल. वर पंखा पाचवर ठेवा. उरलासुरला पडदा तो फाडतो, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात तेवढाच गारवा.

जोखीम मूल्यांकनाचा फॉर्म तपासणीच्या आदल्या रात्री भरायचा असतो. रकाने दोन, शक्यता आणि परिणाम. दोन्हीकडे ‘कमी’ लिहा, गुणाकारही कमीच येतो. फॉर्म परदेशातला उतरवून घेतलात तर ‘बर्फवृष्टीत काय कराल’ हा प्रश्न तसाच राहू द्या. वजन येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, वीज गेली की डीप फ्रीझरचं काय, नमुने आणणारा पोरगा लोकलमध्ये अडकला तर काय, असले मुद्दे घालू नका. तपासणारे साहेब घाबरतात. आणि तो पोरगा? न गळणारी डबी, ती शोषून घेणाऱ्या कापसात गुंडाळून न गळणाऱ्या दुसऱ्या डब्यात, वर टणक खोका, हे तीन थर त्याला नकोत. एक कॅरीबॅग पुरे. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये टणक खोका लोकांच्या बरगड्यांना लागतो.

हायपोचं, म्हणजे जंतू मारणाऱ्या ब्लीचचं, द्रावण रोज ताजं बनवायचं असतं, कारण पातळ केलं की त्याचा जोर ओसरत जातो. तुम्ही सोमवारी बनवा, शनिवारपर्यंत वापरा. वास येतोय ना, मग झालं. २०१९ मध्ये चीनमधल्या लान्झो इथे ब्रुसेला या गुराढोरांना होणाऱ्या रोगाच्या जंतूवरची लस बनवणाऱ्या कारखान्याने मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं, जंतू बाहेरच्या हवेत गेले आणि हजारो लोकांना लागण झाली. पण तिथे मुदत निदान बाटलीवर छापलेली होती. आपण तारखेची जागा कोरी ठेवतो, त्यामुळे आपलं काहीच मुदतबाह्य होत नाही.

काचसामान धुणाऱ्या मामांना प्रशिक्षण देऊ नका. त्यांना विचारूही नका. सुई कधी टोचली, कुठली बाटली गळते, कोणता सेंट्रिफ्यूज खडखडतो, हे सगळं त्यांना ठाऊक असतं, आणि ते खरं सांगून टाकतात. एवढं खरं बसवायला फॉर्ममध्ये जागा नसते.

उद्या काही झालंच तर? परळच्या प्लेग प्रयोगशाळेचा एक जुना दाखला आहे. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावात इथून गेलेल्या प्लेगच्या लशीनंतर १९ माणसं धनुर्वाताने दगावली. तिथल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि त्याच चिमट्याने बाटलीचं बूच काढलं होतं. ठपका मात्र परळला बसलेल्या, ती लस शोधणाऱ्या हाफकिन यांच्यावर आला. निर्दोष ठरायला त्यांना १९०७ उजाडलं. केवढा तो अन्याय! खालच्याच्या चुकीपायी साहेबाला भोगावं लागलं. आता पद्धत सुधारली आहे. साहेबाची चूक खालच्याला भोगता येते. तेवढी फॉर्मवर मामांची सही घ्यायला विसरू नका. शेवटचा रकाना बघा, ‘जबाबदार व्यक्ती’. अंगठाही चालेल.