गझाली, गणित आणि सैतान

काल रात्री भाचीने फॉरवर्ड पाठवला. कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा आहे. "मामा, हे भाषणात घेऊ ना?" मजकूर असा: अकराशेच्या सुमाराला इमाम गझाली या इस्लामी धर्मपंडिताने गणिताला सैतानाचं काम ठरवलं आणि इस्लामी जगातलं विज्ञान तिथेच मेलं. त्याआधीचंही सगळं उसनंच. खाली तीन लाल उद्गारचिन्हं.

आधी सैतान. गझालीचा 'तहाफुत अल्-फलासिफा' हा ग्रंथ म्हणजे ग्रीक वळणाच्या तत्त्वज्ञांवरचा हल्लाच; गणितही हीच मंडळी करायची. पुरावा सापडायचा तर तिथेच सापडायला हवा. प्रस्तावनेत निघतं ग्रहण! सूर्य आणि चंद्र यांच्यामध्ये पृथ्वी आली की चंद्रग्रहण लागतं, हे भूमिती-गणिताने सिद्ध आहे, असं तो मानतो. ते खोडणं हे धर्मकार्य समजणारा धर्माचंच नुकसान करतो, असंही बजावतो. कारण ज्याला तो हिशेब कळलाय, तो ग्रहणावर नव्हे, धर्मावर शंका घेईल. यात सैतान कुठाय?

एवढं मात्र मान्य करावं लागतं: जग अनादि मानण्यासारख्या तीन मतांवरून त्याने तत्त्वज्ञांना काफिर ठरवलं. आत्मचरित्रात गणिताबद्दल इशाराही आहे. गणितातली अचूकता पाहून पोरं त्याच मंडळींचं ईश्वराबद्दलचं म्हणणंही डोळे मिटून मानतात, हा एक धोका. पण लगेच दुसरा सांगितलाय: धर्म वाचवायला सगळी शास्त्रंच झिडकारणारा अडाणी मित्र. तिथवर फॉरवर्डवाले वाचतच नाहीत.

१०९५ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशातलं मानाचं पद त्याने सोडलं, तेही गणिताच्या तिटकाऱ्याने नाही. आपण ईश्वरासाठी नव्हे, नावासाठी शिकवतोय, हे त्याला खात होतं; शिकवताना तोंडून शब्द फुटेना. मग त्याने सूफी मार्ग धरला.

विज्ञान मेलं म्हणे! १२५९ मध्ये इराणातल्या मराघाची वेधशाळा उभारणारा खगोलशास्त्रज्ञ नसीरुद्दीन गझालीच्याच तूस गावचा. चौदाव्या शतकातला इब्न अल्-शातिर दमास्कसच्या उमय्यद मशिदीत नमाजाच्या वेळा काढायचा; त्याचं चंद्राचं गणित पुढे कोपर्निकसच्या पुस्तकात तसंच दिसतं. गणिती अल्-काशीने १४२४ मध्ये पायची (π) किंमत १६ दशांश स्थळांपर्यंत काढली.

उसनं? अंक आपल्याकडून गेले, खरंय. पण लपवलं कुणी? गणिती अल्-ख्वारिझ्मीने नवव्या शतकात हिंदी, म्हणजे भारतीय, हिशेबावर पुस्तकच लिहिलं आणि अरबीत त्यांच्याकडच्या अंकांना आजही हिंदी अंकच म्हणतात.

भाचीला ग्रहणाचा उतारा पाठवला. उत्तर आलं, "मामा, भाषण चारच मिनिटांचं आहे."